दोन क्रेडिट कमी

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा निघाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले आणि कोर्सवर्कचं, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या पेपरांचं, वेळापत्रक नुकतंच हातात पडलंय, अशांसाठी हे लिहितेय. प्रवेशाचं काही सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं माहीत असेल. माझा विषय इतिहास, एकोणिसाव्या शतकातले सातारा भागातले वतनांचे तंटे. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि पीएचडी अर्धवेळ करते. जानेवारी 2023 मध्ये प्रवेश झाला, कोर्सवर्क त्याच वर्षी उरकलं. म्हणजे उरकलं असं मी धरून चालले होते.

2025 च्या दिवाळीनंतर प्री-सबमिशनची, म्हणजे प्रबंध देण्याआधीची, कागदपत्रं एकदा तपासून घ्यावीत म्हणून पीएचडी विभागात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी गुणपत्रिकेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, 10 च क्रेडिट होतायत. आरपीई, तो एथिक्सचा पेपर, कुठाय?"

मी रुबाबात एक प्रमाणपत्र काढून दिलं. जाड कागद, सोनेरी किनार, संशोधन नीतिमत्तेवरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत सहभागी झाल्याबद्दल. त्यांनी ते पुढून-मागून पाहिलं आणि परत सरकवलं. "हे सहभागाचं आहे. याला क्रेडिट नसतात."

आता हे जरा सावकाश सांगते. वाचून 'आमच्याकडे असं काही नसतं' म्हणू नका. मीही तेच म्हणत होते.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) सध्याचे पीएचडीचे नियम 7 नोव्हेंबर 2022 चे. त्याआधी 2016 चे होते. 2016 च्या नियमांत कोर्सवर्क 8 ते 16 क्रेडिटचं होतं, त्यातले निदान 4 संशोधन पद्धतीचे. 2022 च्या नियमांत किमान 12 क्रेडिट लागतात आणि त्यात दोन गोष्टी आल्याच पाहिजेत: संशोधन पद्धती, आणि 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स', म्हणजे आरपीई. हा आरपीई म्हणजे भाषण नव्हे. 2 क्रेडिटचा, 30 तासांचा, सहा घटकांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. त्याचं मूल्यमापन होतं, त्याचे गुण लागतात.

आमच्या संशोधन केंद्रावर संशोधन पद्धती 4, इतिहासलेखनातले नवे प्रवाह 4, साहित्याचा आढावा आणि सेमिनार मिळून 2 असे 10 क्रेडिट झाले. उरलेला आरपीई केंद्रावर होणारच नव्हता, तो विद्यापीठ वेगळा घेणार होतं आणि त्याचा अर्जही वेगळा भरायचा होता. सूचना संकेतस्थळावर लागली तेव्हा मी बारावीचे पेपर तपासत बसले होते. पुढे केंद्रावर ती कार्यशाळा झाली. उद्घाटन, सत्कार, दोन वेळचा चहा आणि जेवण वजा केलं तर ती जेमतेम नऊ-दहा तासांची होती. नावात नीतिमत्ता होती, प्रमाणपत्र मिळालं, मी ते फाइलला लावलं. 30 तासांच्या अभ्यासक्रमाची जागा त्याने घेतली असं मी स्वतःच ठरवून टाकलं. मला तसं कुणीही सांगितलं नव्हतं. पण तसं नाही, असंही कुणी सांगितलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कोर्सवर्क 'झालं' हा शब्दच वापरू नका. वर्गात बसणं वेगळं, पास होणं वेगळं आणि गुणपत्रिकेवर येणं वेगळं. गुणपत्रिका हातात आली की तिथेच काउंटरवर उभं राहून वाचा. प्रत्येक पेपरचं नाव आहे का? त्यापुढे क्रेडिट आहेत का, की नुसतं 'उत्तीर्ण' लिहिलंय? बेरीज 12 किंवा वर जाते का? 55 टक्के किंवा तेवढी श्रेणी दिसते का? आरपीई हे नाव छापलेलं आहे का? एकही उत्तर 'नाही' असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ऑनलाइन कुठे आरपीई केला असेल तर तो चालेल का हे तोंडी विचारू नका, लेखी विचारा. तोंडी 'चालेल' म्हणणाऱ्या माणसाची तीन वर्षांत बदली झालेली असते.

सीनिअर मंडळींबद्दल. माझा ज्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता त्या दादांनी सांगितलं होतं, "अगं, माझं 8 क्रेडिटवर झालं, तुझे तर 10 आहेत." ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा प्रवेश 2018 चा, त्यांना 2016 चे नियम लागू होते. माझा प्रवेश नव्या नियमांनंतर अवघ्या दोन महिन्यांनी. सीनिअरचा सल्ला जरूर घ्या, पण आधी त्यांच्या प्रवेशाचं साल विचारा. शोधनिबंधांचंही तेच. नियतकालिकात एक निबंध आणि दोन परिषदांत वाचन ही 2016 ची सक्ती होती. 2022 मध्ये यूजीसीने ती काढली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केअरची, म्हणजे मान्य नियतकालिकांची, यादीही बंद केली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःच्या नियमांत काही ठेवलंय का ते बघा, पण त्या धास्तीने पैसे भरून आठवड्यात निबंध छापणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. माझ्या बॅचमधल्या दोघांनी असे पैसे घालवले. (आणि त्याच प्रकाराबद्दलचा आरपीईतला घटक दोघांनी छान गुणांनी पास केला.)

गाईडबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, त्यामुळे बेतानेच घ्या. विषयातला मोठा माणूस आणि चांगला गाईड यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. माझे सर वतनपत्र बघून खरं-खोटं सांगतील, पण नियमांच्या बाबतीत "होऊन जाईल" याच्या पलीकडे त्यांचं उत्तर कधी गेलं नाही. आरपीईचं कळल्यावर मी त्यांना रात्री अकराला फोन केला, रडले. तेव्हाही ते तेच म्हणाले. आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं.

कारण यात पीएचडी बुडत नाही. मुदत सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात, बायकांना आणि दिव्यांगांना त्यावर आणखी दोन. राहिलेला पेपर पुढच्या बॅचबरोबर देता येतो. फक्त एक ध्यानात ठेवा, सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. आरआरसीने (विद्यापीठाच्या संशोधन समितीने) विषय मान्य केल्यापासून नाही, कोर्सवर्क संपल्यापासून तर नाहीच.

नोकरी करणाऱ्यांनी ना-हरकत प्रमाणपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी. अर्धवेळ करणाऱ्याला गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू, हे वाक्य त्यात नियमानेच असावं लागतं. सही करताना ते कुणी वाचत नाही. रजा मागायला गेलात की प्राचार्यांपुढे तोच कागद ठेवायचा, शांतपणे. शिवाय 2022 च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं किंवा लेखनाचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलंय. मी बारा वर्षं शिकवतेय, मला कशाला, असं मनात येतं. कागद मात्र लागतोच.

आता कोर्सवर्कमध्ये प्रत्यक्ष काय शिकवतात? आमच्याकडे मराठी, इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य सगळे एका हॉलमध्ये. पहिला महिना गृहीतकं, नमुना निवड आणि प्रश्नावली. 1850 सालच्या जोशीपणाच्या, म्हणजे गावच्या जोशाच्या वतनाच्या, भांडणात प्रश्नावली कुणाकडून भरून घ्यायची, असं मी विचारलं, तर सगळे हसले आणि तास पुढे सरकला. तरीही तास बुडवू नका. साहित्याच्या आढाव्याचा पेपर तरी आपल्याच विषयावर, जीव लावून लिहा. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं. झेरॉक्सच्या दुकानात तयार असाइनमेंट मिळतात. मुखपृष्ठावर नाव बदलून देणारी मुलं मी पाहिलीत, आणि तीच मुलं सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या गोषवाऱ्याच्या, वेळी संदर्भसूची कशी लिहायची ते विचारत हिंडताना पाहिलीत.

पहिल्या असाइनमेंटपासून युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात केलेली पानं नंतर बदलताना जोडाक्षरं फुटतात, आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला जुना फाँट वाचता येत नाही. साम्य 10 टक्क्यांच्या आत हवं. अवतरणचिन्हात दिलेला, संदर्भ जोडलेला मजकूर आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत, म्हणून अवतरणं नीट बांधायची सवय आत्ताच लावून घ्या.

आणि मोडी! इतिहासवाल्यांच्या कोर्सवर्कमध्ये मोडी नसावी याचा राग माझा अजून गेलेला नाही. पुणे पुराभिलेखागारात पहिल्यांदा रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, सोडला तेव्हा शब्द कुठे संपतो तेच कळेना, कारण मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. तारखेत 'छ 5 रजब' दिसलं. 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस, हे मला तिथल्या शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी सांगितलं. जुन्या कागदांवरच्या शुहूर सनात इसवी सन काढायला 599 किंवा 600 मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला बदलतं, हेही त्यांनीच. कोर्सवर्कच्या त्या सहा महिन्यांत दर रविवारी दोन तास मोडी गिरवली असती तर माझं एक वर्ष वाचलं असतं. तुमचा विषय वेगळा असेल तर तुमची मोडी वेगळी असेल, फारसी किंवा कन्नड किंवा मुलाखतींचं शब्दांकन. ती वेळापत्रकात छापलेली नसेल.

सध्या मी नव्या बॅचबरोबर आरपीईच्या वर्गात बसते. सगळे माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. परीक्षा व्हायचीय, गुणपत्रिका यायचीय, माझी फाइल तोवर तिथेच थांबलीय. परवा मधल्या सुट्टीत एका मुलीने विचारलं, "मॅडम, ती दोन दिवसांची कार्यशाळा आहे, जाऊ का?"

म्हटलं, जा की, जेवण चांगलं असतं. प्रमाणपत्र तेवढं वेगळ्या फाइलला लाव.