झेल एकाच्या नावावर, ग्लोव्हज दुसऱ्याच्या हातात: यष्टिरक्षकांच्या जुन्या नोंदी दुरुस्त करताना या चुका टाळा

विजय मांजरेकरांच्या कसोटी आकडेवारीत शेवटच्या रकान्यात १९ झेल आणि २ यष्टिचीत असं लिहिलेलं आहे. फलंदाज म्हणून खेळलेल्या माणसाच्या नावावर यष्टिचीत कसे, छपाईची चूक असेल, असं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि मी हौसेने पेन्सिल उचलली होती. चूक नव्हतीच, मांजरेकर अधूनमधून यष्टीमागे उभे राहत. मग खरा प्रश्न त्या २ चा उरत नाही, १९ चा होतो. त्यांतले कितीसे झेल ग्लोव्हज घालून घेतलेले? रकाना ते सांगत नाही.

यष्टिरक्षकांच्या जुन्या नोंदी तपासताना बेरीज चुकते ती क्वचित. बहुतेक वेळा चुकतं ते आपलं गृहीतक. तो चेंडू पडला तेव्हा यष्टीमागे कोण होतं, हे न विचारताच आपण आकडा बदलायला बसतो.

कट्यारीच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास

धावफलकात नावापुढे कट्यारीची (†) खूण असली की तो कीपर, ही पहिली गल्लत. खूण एवढंच सांगते की तो कीपर म्हणून उतरला होता. डावभर तोच उभा होता की नाही, हे तिला ठाऊक नसतं. शिवाय ही खूण बऱ्याचदा नंतरच्या संकलकाने घातलेली असते. जुन्या वर्तमानपत्रांत ती सहसा सापडत नाही. आणि छापील कागदावर खूण असलीच तर आधी तळटीप वाचा, कारण कोणती खूण कर्णधाराची आणि कोणती कीपरची, हे छापणाऱ्यावर असतं.

ऑगस्ट १८८४ ची ओव्हल कसोटी घ्या. ऑस्ट्रेलियाने इंग्लंडविरुद्ध ५५१ केल्या, त्यांत मर्डॉकच्या २११. इंग्लंडच्या अकराही जणांनी गोलंदाजी केली, कीपर आल्फ्रेड लिटल्टनसुद्धा. गडी पॅड न काढता हाताखालून चेंडू टाकायला आला आणि १९ धावांत ४ बळी घेऊन गेला. तेवढा वेळ यष्टीमागे होते डब्ल्यू. जी. ग्रेस, आणि ऑस्ट्रेलियाच्या मिडविंटरचा झेल त्यांनी तिथेच घेतला. धावफलकात मात्र नुसतं ‘झे. ग्रेस गो. लिटल्टन’. ही ओळ वाचून कोणी तो झेल ‘क्षेत्ररक्षक ग्रेस’ या खात्यात टाकला तर त्याला दोष कसा द्यायचा? पण खातं चुकलंच.

इथे सुगावा धावफलकातच होता, कारण कीपरचं नाव गोलंदाजांच्या यादीत होतं. जुना डाव तपासताना मी आधी ही यादी वाचतो. कीपर म्हणून ज्याची नोंद आहे त्याने पाच षटकं जरी टाकली असतील, तरी तेवढा वेळ दुसरं कोणीतरी मागे होतं. आपल्याकडे भाऊसाहेब निंबाळकरांसारखे खेळाडू होतेच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ करणारे निंबाळकर गोलंदाजीही करत आणि प्रसंगी यष्टीमागेही उभे राहत. अशा माणसाच्या झेलांची विभागणी एका ओळीवरून करू नये.

एका डावात किती वेळा हात बदलू शकतात याची हद्द पाहायची तर १९८६ ची इंग्लंड-न्यूझीलंड लॉर्ड्स कसोटी आहे. हॅडलीचा चेंडू लागून इंग्लंडचा कीपर ब्रूस फ्रेंच जखमी झाला. न्यूझीलंडच्या डावात आधी बिल अ‍ॅथी यष्टीमागे उभा राहिला. मग पंचेचाळिशीचे निवृत्त बॉब टेलर आले, त्यांच्यामागून हॅम्पशायरचा बॉबी पार्क्स, आणि शेवटी परत फ्रेंच. यांतला अ‍ॅथी अकरांत होता, टेलर आणि पार्क्स बदली. नोंदीच्या दृष्टीने हा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

बदली खेळाडूचा बळी कोणाच्या तरी खात्यात ढकलणे

बदली खेळाडूने घेतलेला झेल त्याच्या कारकिर्दीत धरत नाहीत, आणि ज्याच्या जागी तो आला त्याच्याही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला भारताचा कीपर वृद्धिमान साहाची मान आखडली म्हणून के. एस. भरत मागे उभा राहिला आणि त्याने न्यूझीलंडच्या टॉम लॅथमला ९५ वर यष्टिचीत केलं. भरतचं कसोटी पदार्पण फेब्रुवारी २०२३ मधलं. म्हणजे हा यष्टिचीत सगळ्यांनी पाहिला, डावात तो आहे, पण ना साहाच्या खात्यात ना भरतच्या. डावातले बळी आणि कीपरांचे आकडे जुळत नसले की आधी असा ‘बदली’ शोधा.

आणि एक भलताच शहाणपणा टाळा: ‘त्या काळी बदली खेळाडूला ग्लोव्हज घालायची परवानगी नव्हती, म्हणून ही नोंद खोटी.’ पंचांच्या संमतीने बदली खेळाडूने यष्टिरक्षण करण्याची तरतूद नियमांत आली २०१७ मध्ये, हे खरं. पण त्याआधीही प्रतिस्पर्धी कर्णधार राजी असेल तर हे होत असे. लॉर्ड्सला तसंच झालं. इंग्लंडच्या नेव्हिल टफ्नेलने तर १९०९-१० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात कसोटीत बदली म्हणून उभं राहून स्नूकला यष्टिचीत केलं होतं.

पाच वर्तमानपत्रं म्हणजे पाच पुरावे नव्हेत

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि चांगली दोन महिने मिरवली आहे. एका जुन्या सामन्यातला झेल तीन इंग्रजी दैनिकांत एकाच नावावर होता. तिन्ही कात्रणं जोडून मी दुरुस्ती तयार केली. मग एकदा मायक्रोफिल्मवर ती पानं शेजारी शेजारी पाहिली तर तिन्हीकडे एका गोलंदाजाच्या आद्याक्षरांत तीच चूक! वृत्तसंस्थेची एकच तार तिघांनी छापली होती. माझ्या हातात पुरावा एकच होता.

तेव्हापासून मी मोजतो ते वर्तमानपत्रं नाही, बातमीदार मोजतो. स्वतःचा माणूस मैदानावर पाठवणारं पत्र कोणतं? वर्णनात ‘यष्टीमागे टिपला’ असं काही आहे का? मजकूर आणि धावफलक यांत विसंगती असली तर उत्तमच, कारण एक तारेतून आलेला असतो आणि दुसरा डोळ्यांनी पाहिलेला. गुणलेखकाची मूळ वही मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण तिलाही देव मानू नका. वहीत एका ठिकाणी पेन्सिलीने ‘धावबाद’ खोडून वर शाईने ‘यष्टिचीत’ लिहिलेलं मी पाहिलंय. ते पंचांना विचारून लिहिलं की संध्याकाळी चहा पिताना, हे वही सांगत नाही. फलंदाज धाव घ्यायला निघाला नव्हता आणि कीपरने एकट्याने बेल्स उडवल्या तरच यष्टिचीत; मध्ये दुसऱ्याचा हात लागला की धावबाद. तेवढ्यासाठी वर्णन हवंच.

तारखेतही लोक फसतात. भारताचे कीपर प्रबीर सेन यांनी इंग्लंडविरुद्ध मद्रास कसोटीत केलेले पाच यष्टिचीत प्रसिद्ध आहेत. चार पहिल्याच डावात, चारही विनू मंकडांच्या गोलंदाजीवर, आणि भारताचा पहिला कसोटी विजय. सामना ६ फेब्रुवारी १९५२ ला सुरू झाला आणि त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले, म्हणून दुसऱ्या दिवशी खेळच झाला नाही. ८ तारखेच्या अंकात दुसऱ्या दिवसाचा धावफलक शोधणारा ‘अंक अपूर्ण आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो. अंक पूर्ण असतो.

नावं

जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत सलामीला आले जनार्दन नवले आणि नाऊमल जाऊमल. कीपर नवले. इंग्रजी टंकात दोघांचंही नाव ‘एन ए’ने सुरू होतं, आणि फाटक्या पानाच्या स्कॅनमध्ये संगणक ‘एल’ला ‘आय’ वाचतो. नवले शोधून सापडत नाहीत ते यामुळे. शोधखिडकीत दोन-चार चुकीची रूपं मुद्दाम टाकून पाहा. ट्रोव्ह (ऑस्ट्रेलियाचं) किंवा पेपर्स पास्ट (न्यूझीलंडचं) या जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहांवर तर हे करायलाच हवं, आणि नंतर मूळ पानाचं चित्र उघडायचं.

पालवणकर बंधूंची गंमत वेगळी. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल यांना धावफलकात ‘पी. बाळू’, ‘पी. विठ्ठल’ असंच छापत. आडनाव ‘पी’मध्ये गेलं. सूचीत ‘पालवणकर’ शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

बाइजची बेरीज

कीपरच्या बाइज (बॅट किंवा अंगाला न लागता चेंडू मागे सुटून मिळालेल्या धावा) दुरुस्त करणाऱ्यांना एक जुनी सोय ठाऊक असावी. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात जात नसत. म्हणून त्याआधीच्या डावात फलंदाजांच्या धावांची बेरीज आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज एकच यायला हवी. समजा एकूण २४७, फलंदाजांच्या २२९, गोलंदाजांच्याही २२९, आणि अवांतर छापलेत १४. म्हणजे अवांतरात चार कमी पडतात. इथे मोह होतो की छापलेल्या बाइज ६ च्या १० करून टाकाव्यात. थांबा. बेरजेने चार धावा हरवल्याचं कळलं. त्या बाइज होत्या, लेगबाइज की नोबॉल, हे कळलेलं नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकात सुमारे १८५० च्या आधी लेगबाइज वेगळ्या मोजतच नसत, आणि कीपरच्या मागे लाँगस्टॉप, म्हणजे सुटलेले चेंडू अडवणारा क्षेत्ररक्षक, उभा असे. त्या काळच्या बाइज कीपरच्या माथी मारणं हा अन्यायच.

सामना प्रथम श्रेणीचा होता की नाही, हा वाद मात्र तुमच्या डोक्यावर घेऊ नका. इंग्लंडचा फलंदाज जॅक हॉब्जची प्रथम श्रेणीतली शतकं कोणी १९७ मोजतं, कोणी १९९. फरक विझियानगरमच्या संघाच्या १९३०-३१ च्या दौऱ्यातल्या सामन्यांचा. कीपरचा आकडाही असाच हलतो. कोणती यादी धरली ते लिहा आणि पुढे जा.

दुरुस्ती पाठवताना जुना आकडा पुसू नका. जुना, नवा, कोणत्या दिनांकाचा कोणता अंक, कितवं पान, आणि बदलाचं कारण एका वाक्यात. पुरावा अर्धा असेल तर आकडा तसाच ठेवून शेजारी शंका नोंदवा. माझ्या वहीत एका जिल्हा सामन्यातला ‘झे. कुलकर्णी’ असाच पडून आहे. त्या संघात कुलकर्णी दोन, आणि दोघंही कधी ना कधी कीपिंग करत. समोर पेन्सिलीने लिहिलंय, ‘कोणता?’