व्यवसायाची रचना कशी तपासावी

व्यवसायाची रचना आखताना आधी कोण कोणाच्या हाताखाली हे दाखवणाऱ्या तक्त्यातील चौकटी काढू नयेत; एका कामाचा माग घ्यावा. नागपूरच्या कळमना बाजारातील संत्रा व्यापाऱ्याने आंबिया बहराच्या फळांच्या हंगामात गाडी भरण्यापासून पैसे जमा होईपर्यंत कोण काय ठरवतो आणि कोणाच्या होकारासाठी काम अडते, हे वहीत वेळेसह लिहावे. गाडी कधी सोडायची हे हमालांच्या मुकादमाला मालक एक आणि दिवाणजी दुसरेच सांगतात, असे आढळले, तर दोष माणसांचा नसून रचनेचा आहे, हे मी आग्रहाने सांगेन. एका माणसाला आदेश एकाच वरिष्ठाकडून मिळावा, हे फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ आँरी फेयोल यांनी १९१६ मध्ये मांडलेले तत्त्व इथे नेमके लागू पडते. म्हणून गाडीचा निर्णय एकाकडेच सोपवावा, दिवाणजींना उधारीची मर्यादा रुपयांत लिहून द्यावी आणि तक्ता त्यानंतरच काढावा.