इनेला जाताय? मुक्कामच करा
जपानमधल्या क्योतो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरच्या इने गावात अगदी पाण्याला लागून सुमारे २३० फुनाया आहेत: खाली होडी ठेवायची जागा, वर खोल्या. फोटोसाठी आत डोकावू नका; ती लोकांची राहती घरं आहेत, आणि दारात वाळत घातलेली जाळी रोजच्या कामाची. आमानोहाशिदाते स्टेशनहून बसने साधारण तासभर लागतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून घ्या. जमल्यास एखाद्या फुनायातच राहा, दिवसाची गर्दी ओसरली की गाव खरं दिसतं. मात्र खाणावळी मोजक्याच आणि लवकर बंद होणाऱ्या, त्यामुळे रात्रीच्या जेवणाचं काय ते खोलीचं बुकिंग करतानाच ठरवून टाका. शाकाहारी असाल तर ‘दाशी’बद्दलही (जपानी स्वयंपाकात रश्शासाठी वापरतात तो अर्क) आधीच विचारा, नुसत्या भाजीच्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो.