हायपीरियन ऐकायला सुरुवात कुठून करायची

वेस्टर्न क्लासिकल ऐकायचंय पण एवढ्या पसाऱ्यात शिरायचं कुठून असं होत असेल तर एक लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी धरा, लंडनचं हायपीरियन. १९८० मध्ये टेड पेरींनी सुरू केलं, पैसे पुरेनात म्हणून ते स्वतः मिनीकॅब चालवायचे, आणि हट्ट असा की मोठ्या कंपन्या ज्याला हात लावत नाहीत तेच रेकॉर्ड करायचं.

आधी हिल्डेगार्ड लावा. बाराव्या शतकातली जर्मन मठातली बाई, तिच्या रचना गॉथिक व्हॉइसेस हा गायकांचा गट आणि गायिका एमा कर्कबीने गायल्यात. हेडफोन लावून शांत बसा, काही रचनांत खाली एकच सूर धरलेला असतो अन् वर आवाज फिरत राहतो, तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ते लगेच आपलं वाटतं, मला तर काटाच आला होता. याच रेकॉर्डने लेबलला खरा आधार दिला.

मग शूबर्ट हा संगीतकार. पियानोवादक ग्रॅहम जॉन्सनने त्याची गाणी ३७ सीडींत केलीत, सगळी एकदम नका घेऊ, एकच गाणं निवडा, बुकलेटमधलं इंग्रजी भाषांतर आधी वाचा, मग ऐका, मग परत ऐका. बुकलेटमधल्या जॉन्सनच्या टिपा अजिबात सोडू नका, लेबलचा जीव त्यात आहे. लिस्ट या संगीतकाराच्या पियानोच्या रचनांच्या ९९ सीडी आहेत, त्या सावकाश.

२०२३ ला युनिव्हर्सलने हायपीरियन विकत घेतलं, तेव्हापासून स्ट्रीमिंगवरही मिळतं, फक्त शफल बंद ठेवा.