ट्रकचा एसी गरम हवा मारतोय? गॅस भरण्याआधी हे तपासा

एसी थंड करेना झाला की पहिला सल्ला ठरलेला: ‘गॅस संपलाय, भरून टाका.’ पण हा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय, आणि गळती तशीच ठेवून भरलेला गॅसही त्याच वाटेनं जाणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना केबिनमध्ये एसी बंधनकारक झालाय. त्यामुळे हे काम आता प्रत्येक गॅरेजच्या दारात येणार आहे.

सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टींपासून करा. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर दोनवर. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप. इंजिन चालू असताना त्याची पुली कायम फिरते. एसीचं बटण दाबल्यावर तिच्या तोंडावरची प्लेट, म्हणजे एसीचा क्लच, ‘टक्’ करून पुलीबरोबर फिरायला हवी. फिरत नसेल तर फ्यूज बघा, शेजारची त्याच नंबरची रिले बदलून बघा. मग क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावा. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना तिथे २४ ते २८ व्होल्ट मिळायला हवेत. करंट येतोय पण प्लेट चिकटत नाही, तर अर्थिंग खराब आहे, क्लचची कॉइल जळलीय किंवा प्लेट आणि पुलीमधली फट वाढलीय. फट फिलर गेजनं मोजा, साधारण ०.४ ते ०.८ मिमी असावी. गार असताना क्लच लागतो आणि तापल्यावर सुटतो, त्यामागे बहुतेक वेळा ही वाढलेली फटच असते.

करंटच येत नसेल तर प्रेशर स्विचकडे वळा. गॅस फार कमी झाला की हा स्विच सुमारे २ बारला क्लच तोडतो. स्विच डायरेक्ट करून गाडी पळवू नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे ऑइल नाही, आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

कॉम्प्रेसर नीट चालतोय, तरी हवा गरम? हीटरला इंजिनचं गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्ह तपासा. आपल्याकडे हीटर क्वचितच लागतो, त्यामुळे केबल गंजून व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो आणि गार झालेली हवा पुन्हा तापते. नॉब थंडवर ठेवून व्हॉल्व्हच्या पुढचा होज जपून चाचपा. तो गरम लागला तर दोष तिथे आहे, गॅसशी त्याचा संबंध नाही.

कोल्हापूरजवळच्या किणी टोलनाक्याच्या रांगेत गरम आणि हायवेला लागलं की थंड, अशी तक्रार असेल तर कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि त्याचा पंखा बघा. ऊस हंगामात पाचटाचे तुकडे आणि बगॅसची (उसाच्या चोथ्याची) भुकटी, शिरोली-गोकुळ शिरगावकडे फिरणाऱ्या गाड्यांत फौंड्रीची धूळ. त्यावर ऑइलचा थर बसला की जाळीतून हवाच जात नाही. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, साध्या पाइपच्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनमुळे फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात आणि हवेची वाट अडते. वायरिंगचं काम झालेलं असेल तर पंखा उलटा फिरत नाही ना, तेही बघा.

आता दाब दाखवणारे दोन गेज लावा: एक लो साइडला (कॉम्प्रेसरकडे येणारा गॅस), एक हाय साइडला (तिथून निघणारा गॅस). आर-१३४ए गॅस असेल तर ३० अंशांच्या हवेत, बंद आणि गार गाडीत दोन्ही सुया १०० पीएसआयच्या आसपास असतात. यावरून गॅस आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. इंजिन १,५०० आरपीएमवर ठेवा. लो साइड २५ ते ४५ आणि हाय साइड १८० ते २५० पीएसआय दिसली तर ठीक. दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: कंडेन्सर चोंदलाय, गॅस जादा झालाय किंवा आत हवा शिरलीय. लो वर आणि हाय खाली, दोन्ही सुया जवळजवळ: कॉम्प्रेसर गेला. लो शून्याखाली, व्हॅक्यूमकडे सरकते: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवून तो गार करणारा) किंवा ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) चोंदलाय. थोडा वेळ थंड, मग गरम, आणि बंद करून चालू केलं की पुन्हा थंड, तर आतलं पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतंय.

गळती शोधताना धूळ चिकटलेला तेलकट डाग बघा. ट्रकमध्ये केबिन उचलली की बिजागरीपाशी होज वाकतो आणि घासतो. तिथे हात फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं काढा, हवेत सोडू नका. मग १५० पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरून जोडांना साबणाचा फेस लावा. टायरच्या हवेनं टेस्ट करू नका, तिच्यातली वाफ आत राहते.

सिस्टिम उघडली की ड्रायर आणि त्या जोडांच्या ओ-रिंग नव्या घाला. ओ-रिंगला ऑइल लावूनच बसवा. ऑइल कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. पॅग ४६ आणि पॅग १०० एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मग व्हॅक्यूम पंपानं किमान ३० ते ४५ मिनिटं आतली हवा ओढून काढा. पुस्तकात २९.९ इंच लिहिलेलं असतं, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे सुई २८ इंचांच्या आसपासच थांबते, म्हणून चांगला पंप खराब ठरवू नका. पंप बंद करून २० मिनिटं सुई जागची हलली नाही, की गॅस भरायला हरकत नाही.

गॅस वजनकाट्यावर, स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे भरा. इंजिन चालू असताना हाय साइडचा नॉब उघडायचा नाही, उलट दाबानं कॅन फुटतो. स्वस्तातल्या अनोळखी कॅनमध्ये ज्वलनशील गॅस मिसळलेला असू शकतो, आणि केबिनमध्ये माणूस झोपतो. ब्रँडचा सीलबंद कॅनच घ्या.

शेवटी रीसर्क्युलेशनवर दहा मिनिटं चालवून मधल्या झडपेत थर्मामीटर धरा. बाहेर ३५ असताना आत ८ ते १२ अंश यायला हवेत. दोन्ही सर्व्हिस पोर्टची टोपणं रबर वायसरसकट घट्ट लावा. त्या बारीक पिनेतूनही गॅस जातो.