बारचं लायसन्स काढताय? आधी जागा बघा

गिऱ्हाईक तिथेच बसून पिणार की बाटली घरी नेणार हे आधी ठरवा, कारण बहुतेक ठिकाणी दोन्हीची लायसन्स वेगळी असतात. नुसती बीअर-वाईन ठेवायची तर बऱ्याच ठिकाणी त्याचं लायसन्स वेगळं मिळतं, छोट्या रेस्टॉरंटला तेवढं पुरतं असं माझं मत. आणि लायसन्स साधारण त्या जागेला पण बांधलेलं असतं, मंजूर नकाशात जेवढा भाग दाखवलाय तेवढ्यातच सर्व्ह करायचं, उद्या गच्चीवर चार टेबलं टाकायची झाली तरी आधी परवानगी काढा. शाळा, प्रार्थनास्थळापासून किती अंतर लागतं ते भाडेकरार करायच्या आधीच तपासा, नाहीतर डिपॉझिट अडकलंच म्हणून समजा. चालू बार विकत घेताय? लायसन्स ट्रान्सफर झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. स्टॉक रजिस्टर मात्र रोजच्या रोज लिहा.