एक तासाचा हट्ट सोडला आणि बैठक जमली

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १० दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आले, तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसायचं पक्कं ठरवलं होतं. तिथे पहाटे ४ ला घंटा व्हायची आणि दिवसभर दुसरं कामच नसायचं. घरी मात्र तिसऱ्याच आठवड्यात बैठक सुटली. २० मिनिटांत गुडघे ठणकायचे, मन डब्याच्या भाजीकडे धावायचं आणि मी चिडून उठायचे.

शेवटी शिबिराच्या पहिल्या ३ दिवसांकडे परत गेले. तेव्हा फक्त आनापान असतं: नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा, बस्स. १० मिनिटांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवली. जो आठवडा जड गेला, त्यात वाढवली नाहीत. तासाला पोचायला ४ महिने लागले.

सगळ्यात मोठा फरक आसनाने पडला. सपाट सतरंजीवर माझी पाठ वाकायची. आता सोलापुरी चादरीची जाड घडी बसताना खाली घेते. कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते, मांड्या सैल पडतात, पाठ आपोआप सरळ होते. हे मला आधीच सुचायला हवं होतं!

मन भरकटलं की दोन-चार श्वास मुद्दाम जरा जोरात घेते, मग पुन्हा सहज श्वासावर येते. एका बैठकीत असं पन्नासदा झालं तरी आता राग येत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. जेवून लगेच मात्र बसत नाही, हमखास डुलकी लागते.